गणवेशातील स्त्रीची फिर्याद

(सातारा-सांगली भागातील एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

सातारा आणि सांगली हे सैन्याला माणसे पुरवणारे जिल्हे म्हणून ओळखले जातात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. सातारा तालुक्यातील आपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटलेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आजही तेथे आहे. सैनिकी शाळांची योजना सरकारने हाती घेतली तेव्हा अगदी प्रारंभीची शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी बेळगावकडे जाणारी वाट या भागातील घराघरांना पाठ आहे. त्या वाटेला शौर्याची परंपरा आहे, तशीच माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील कोरड्या विहिरींचीही आहे, हे गौरवाच्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही. जमीन पोट भरू देत नाही म्हणून मुलगा पलटणीत जातो, आणि मग त्याच्या जाण्याला पराक्रमाचे नाव मिळते.

आता या वाटेवर मुलीही आल्या आहेत. सैनिकी रुग्णालयांत परिचारिका म्हणून स्त्रिया पूर्वीपासूनच होत्या. १९९२ पासून सैन्याच्या इतर शाखांत त्या अधिकारी म्हणून दाखल होऊ लागल्या. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाडा येथे धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले. तेथून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. साध्या शिपायाच्या पातळीवर, लष्करी पोलीस दलात, ८३ मुलींची पहिली तुकडी २०२१ सालीच तयार झाली होती. सैनिकी शाळांतही मुलींना प्रवेश मिळू लागला. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या मुली हे या दोन जिल्ह्यांत आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही.

अशी मुलगी निवडली गेली की घरात पगाराची चर्चा होते, निवृत्तिवेतनाची होते, बदली कोठे होईल याची होते. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तिच्याच दलातील कोणी, कदाचित तिच्याच वरिष्ठाने, तिच्या शरीरावर हात टाकला तर तिने कोणाकडे जावयाचे? हा प्रश्न अभद्र समजून टाळला जातो. वास्तविक तो भरतीच्या पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. कारण त्याचे कायद्याने दिलेले उत्तर असे आहे की ते ऐकून कोणीही विचारात पडावे.

१९५० चा सैन्य अधिनियम ज्यांनी लिहिला, त्यांच्या डोळ्यांपुढे गणवेशातील स्त्री नव्हतीच. त्या अधिनियमाचे बारावे कलम स्पष्टच सांगते की, केंद्र सरकारने अधिसूचनेने सांगितलेले विभाग वगळता सैन्यात कोणत्याही स्त्रीला भरती होता येणार नाही. साहजिकच बलात्काराचा विचार करताना कायदाकर्त्यांनी गृहीत धरले की पीडित स्त्री ही सैन्याबाहेरचीच असणार. तिच्यासाठी त्यांनी कलम ७० मध्ये एक शहाणपणाची तरतूद करून ठेवली. खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे तीन गुन्हे सैनिकी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीविरुद्ध घडले, तर त्यांचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालणार नाही. तो साध्या फौजदारी न्यायालयातच चालेल. सैनिक सक्रिय सेवेत असेल, परदेशात असेल किंवा सरकारने ठरवलेल्या सीमेवरील ठाण्यात असेल, तेवढेच याला अपवाद. म्हणजे रजेवर आलेल्या जवानाने कोरेगावात किंवा तासगावात एखाद्या स्त्रीवर अत्याचार केला, तर ती सरळ पोलीस ठाण्यात जाते, पोलीस गुन्हा दाखल करतात, सत्र न्यायालय निकाल देते. पलटणीच्या साहेबाला त्यात विचारण्याचे कारण उरत नाही. छावणीत राहणाऱ्या जवानाच्या पत्नीलाही एरवी हाच नियम लागू पडतो.

परंतु तीच स्त्री गणवेश चढवते, सैनिकी कायद्याखाली येते आणि कलम ७० चे हे छत्र तिच्या डोक्यावरून निघून जाते. तिच्या बाबतीत फौजदारी न्यायालय आणि कोर्ट मार्शल या दोघांनाही अधिकार उरतो, आणि खटला कोठे चालवावयाचा याची निवड कलम १२५ अन्वये सैन्याच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेली आहे. दंडाधिकाऱ्याला ही निवड पटली नाही तर कलम १२६ प्रमाणे तो सूचना देऊ शकतो आणि वाद केंद्र सरकारकडे जातो. सरकार सांगेल ते अखेरचे. आरोपीचे वरिष्ठ, दंडाधिकारी आणि दिल्लीचे मंत्रालय या तिघांना त्या निवडीत स्थान आहे. जिच्यावर अत्याचार झाला तिला नाही. खेड्यातल्या मजूर स्त्रीला जो हक्क कायद्याने निर्विवाद दिला आहे, तो देशासाठी बंदूक उचलणाऱ्या तिच्या मुलीपासून काढून घेतलेला आहे.

हे केवळ पुस्तकी कलमांचे खेळ नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये कोइमतूर येथील वायुदलाच्या महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी आलेल्या एका महिला अधिकाऱ्याने सहकारी अधिकाऱ्याविरुद्ध बलात्काराची तक्रार केली. आधी ती आपल्या वरिष्ठांकडेच गेली. तेथे आपल्या तक्रारीची दखल नीट घेतली जात नाही असे वाटल्यामुळे तिने शहर पोलिसांकडे धाव घेतली. पोलिसांनी संबंधित अधिकाऱ्याला अटक केली. आपली वैद्यकीय तपासणी करताना सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवलेली चाचणी केली गेली, असाही तिचा आरोप होता. वायुदलाच्या प्रमुखांनी तो नाकारला. आरोपी दोषी की निर्दोष, हा न्यायालयाचा प्रश्न. त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. पुढे जे घडले ते महत्त्वाचे. वायुदलाचा कायदाही याच धर्तीचा आहे, त्याच्या आधारे वायुदलाने प्रकरण आपल्याकडे मागितले, आणि काही दिवसांतच कोइमतूरच्या न्यायालयाने आरोपीला वायुदलाच्या स्वाधीन केले. ज्या दारातून असमाधानी होऊन ती बाहेर पडली होती, त्याच दारात तिचे प्रकरण परत नेऊन ठेवले गेले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये काश्मिरातील बडगाम येथेही वायुदलातील एका महिला अधिकाऱ्याने वरिष्ठाविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. तिचेही म्हणणे हेच होते की दलातील अंतर्गत चौकशीने तिला न्याय मिळाला नाही. याही पूर्वी, २००५ साली, वरिष्ठांविरुद्ध छळाची तक्रार करणाऱ्या वायुदलातील एका महिला अधिकाऱ्यावर वेगळ्या आरोपांखाली कोर्ट मार्शल झाले आणि तिला सेवा सोडावी लागली. त्या आरोपांत तथ्य किती होते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, त्या बातमीने इतर स्त्रियांना कोणता धडा दिला असेल हे सांगावयास नको.

सैन्यात तक्रारीची एक शिस्तबद्ध वाट आहे. जवानाने आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जावे. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. अधिकाऱ्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे जावे आणि तेथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारकडे. शिधा कमी मिळाला, रजा नाकारली, बढती चुकली, अशा गाऱ्हाण्यांसाठी ही वाट ठीक आहे. पण त्याच अधिनियमाचे कलम ५६ असे आहे की, तक्रारीत दुसऱ्याच्या चारित्र्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. खोट्या आरोपाला शिक्षा असू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्या गुन्ह्याला बहुधा साक्षीदार नसतो, त्याची तक्रार घेऊन एकवीस वर्षांची मुलगी उभी राहते तेव्हा समोर बसलेला अधिकारीच तिच्या रजेचा, बदलीचा, गोपनीय अहवालाचा धनी असतो. आणि खरे-खोटे ठरवण्याचा पहिला अधिकारही त्याच्याच हाती असतो. त्यातून कोर्ट मार्शल बसलेच तर त्याचे न्यायाधीश म्हणजे सैन्याचे अधिकारीच, आणि त्याने दिलेला निकाल सक्षम सैनिकी अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय वैध होत नाही. शिवाय कोर्ट मार्शलला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, तर साध्या फौजदारी कायद्यात बलात्काराच्या फिर्यादीला मुदतीचे बंधनच नाही.

येथे कोणी म्हणेल की २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली अंतर्गत समिती आहे. आहे, आणि तो सैन्यालाही लागू होतो. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी लागते, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात, एक सभासद बाहेरच्या संस्थेचा असावा लागतो. तीन महिन्यांत तक्रार द्यावयाची, कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. एवढे सगळे चांगलेच आहे. परंतु ही समिती म्हणजे न्यायालय नव्हे. ती चौकशी करते आणि शिफारस करते. शिफारशीवर कारवाई करावयाची ती मालकाने, म्हणजे येथे पुन्हा दलानेच. समित्यांची अवस्था काय आहे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात जे ताशेरे ओढले, ते साध्या कार्यालयांनाही लाजवणारे होते. मग छावणीच्या तटामागे काय असेल? त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पीडित स्त्रीला फौजदारी फिर्याद करावयाची असेल तर तिला साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे समितीकडे जाणे आणि पोलिसांकडे जाणे हे एकमेकांना पर्याय नाहीत. दोन्ही वाटा एकाच वेळी तिच्यासाठी खुल्या आहेत. हे तिला सांगणारे कोणी नसते, एवढेच.

साताऱ्या-सांगलीत या विषयावर बोलू लागले की लगेच रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, अस्सल पत्राच्या आधाराची आहे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअमल केला, तो शिवाजी राजांना कळला, आणि १६४६ साली त्या पाटलाचे वतन जाऊन हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. हातपाय तोडण्याच्या क्रौर्यावर टाळ्या वाजवणारे या गोष्टीतला खरा मुद्दा मात्र सोडून देतात. पाटील हाच गावातला अंमलदार होता. त्या स्त्रीची तक्रार पाटलाच्याच दारी अडली असती तर ती तेथेच संपली असती. ती त्याच्या डोक्यावरून थेट हुजुरापर्यंत पोचली, म्हणून न्याय झाला. अंमलदाराविरुद्धची तक्रार अंमलदाराच्या हातून जाता कामा नये, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना कळले त्यांची नावे पलटणींच्या घोषणांत आहेत. त्यांची रीत मात्र पलटणीच्या कायद्यात उतरलेली नाही.

दुसरी आठवण याच मातीतली आणि अधिक जवळची. १९४३ नंतर नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. येडेमच्छिंद्रसारखी गावे सातारा जिल्ह्यातच होती. ब्रिटिशांच्या पाटील-फौजदाराकडे न जाता गावकरी या मंडळांपुढे आपले तंटे नेत, आणि त्यांत स्त्रियांवरील अत्याचारांची प्रकरणेही असत. ती मंडळे बहुतांशी पुरुषांचीच होती आणि त्यांच्या शिक्षांचे सगळेच समर्थन आज करता येणार नाही. परंतु सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्यापुढेच त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची पाळी स्त्रीवर येऊ नये, ही सोय त्या काळच्या चळवळीने करून दाखवली होती.

स्वतंत्र भारतातही हाच प्रश्न एकदा महाराष्ट्रातूनच उभा राहिला. मार्च १९७२ मध्ये विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या नावाने तो खटला देशभर गाजला; ते नाव पुन्हा घेण्याचे येथे कारण नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, सबब तिची संमती होती, असा तो तर्क. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत, सत्तेच्या छायेत असलेल्या स्त्रीचे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व कायद्यात आले. २०१३ साली या तत्त्वाचा विस्तार झाला. स्त्रीवर नियंत्रण किंवा वर्चस्व असणाऱ्या माणसाचा गुन्हा अधिक गंभीर मानला गेला आणि तैनातीच्या प्रदेशात सशस्त्र दलाच्या माणसाने केलेल्या बलात्काराचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख झाला. पण न्यायमूर्ती वर्मा समितीने त्याच वर्षी आणखी पुढे जाऊन सांगितले होते की, सशस्त्र दलातील माणसाने केलेला लैंगिक अत्याचार सरळ साध्या फौजदारी कायद्याखाली आणावा आणि त्यासाठी सैन्य अधिनियम व विशेषाधिकार कायदा यांत दुरुस्ती करावी. ते झाले नाही. २००४ साली मणिपूरच्या मातांनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन जो जाब विचारला, त्याचे उत्तर आजही अर्धवटच आहे. तो प्रश्न वेगळ्या भाषणाचा आहे. पण मणिपूरची नागरिक स्त्री आणि साताऱ्याची सैनिक स्त्री, दोघींच्या वाटेत उभी असलेली भिंत मात्र एकच आहे.

शिस्त बिघडेल, हा नेहमीचा आक्षेप. फौजेचे घरगुती भांडण वेशीवर नेऊ नये, असे सांगितले जाते, आणि सांगणारे पुष्कळदा प्रामाणिक, सेवा केलेले लोक असतात. त्यांचा अनादर न करता एवढेच विचारावेसे वाटते की, फौजेतल्या माणसाने बाहेरच्या माणसाचा खून केला तर तो खटला सातारच्या न्यायालयात चालतो, तेव्हा शिस्त बिघडत नाही काय? व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही असा निकाल २०१८ साली लागला, तेव्हा शिस्तीचे कारण देऊन सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२३ साली सैन्याला त्यासाठी कारवाईची मोकळीक मिळवून आले. सहकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम हिरावून घेणे हा सैन्यात आजही गंभीर अपराध आहे. पतीच्या अब्रूसाठी एवढी धावपळ करणाऱ्यांनी सहकारी स्त्रीच्या देहासाठी कायद्याचे एक कलम बदलावयास काय हरकत होती?

अमेरिकेच्या सैन्याकडून काही शिकावे असे म्हणणे या व्यासपीठावर चमत्कारिक वाटेल. तरीही तेथील स्त्रियांच्या चळवळीने जे मिळवले ते पाहण्यासारखे आहे. २००५ पासून तेथे पीडितेला दोन मार्ग आहेत. एक उघड तक्रारीचा. दुसरा गुप्त तक्रारीचा. यात तिला उपचार, समुपदेशन, वकील मिळतो, वैद्यकीय पुरावा जपून ठेवला जातो, पण तिच्या वरिष्ठाला नाव कळत नाही आणि तिने स्वतः ठरवल्याशिवाय चौकशी सुरू होत नाही. तेवढ्यानेही भागले नाही. २०२० साली टेक्सासच्या छावणीत एका तरुण महिला सैनिकाचा खून झाला. छळ होत असल्याचे तिने घरच्यांना सांगितले होते, पण सूडाच्या भीतीने रीतसर तक्रार केली नव्हती. देश हादरला, कायदा बदलला, आणि डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांचा खटला भरावयाचा की नाही हा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र सैनिकी अभियोक्त्यांकडे देण्यात आला. कॅनडात माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांनी २०२२ साली त्याहून पुढची शिफारस केली: हे गुन्हे सैन्याकडे ठेवूच नयेत, नागरी न्यायालयांकडेच द्यावेत.

भारतात कायदा बदलेपर्यंत जे आहे ते तरी मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना ठाऊक असावे. बलात्काराची खबर पोलीस ठाण्याने घेतलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१३ चा आहे. अशी खबर न नोंदवणारा पोलीस स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. गुन्हा आसामात घडला असला तरी रजेवर आलेली मुलगी कराडच्या किंवा मिरजेच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदवू शकते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही सोय स्पष्ट शब्दांत आली आहे. तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यावयाचा असतो. खबर तिच्या आईने दिली तरी चालते. पलटणीची परवानगी लागत नाही. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने उपचार विनामूल्य आणि तत्काळ केले पाहिजेत, आणि तपासणी तिच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही. तिचे नाव छापणे हा गुन्हा आहे. पुढे सैन्याने खटला मागितला, तर नागरी न्यायालयातच तो चालावा असा अर्ज तिच्या वकिलाने दंडाधिकाऱ्यापुढे त्याच दिवशी दिला पाहिजे. कोइमतूरचा अनुभव पाहता येथे दिरंगाई परवडणारी नाही.

सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. वीरपत्नींची निवृत्तिवेतने, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या ही कामे ती करतात. सेवेतील मुलीवर अत्याचार झाल्यास तिच्या आईवडिलांनी कोणाकडे जावे, याची माहिती देणारा फलक आणि एक जाणती स्त्री कर्मचारी तेथे असावी, अशी मागणी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी गेली पाहिजे. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी धावण्याच्या वेळापत्रकातला एक तास या कलमांसाठी काढावा. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना हे विचारले जावे: बलात्काराच्या प्रकरणात कलम ७० चे संरक्षण गणवेशातील स्त्रीलाही लागू करणारी दुरुस्ती ते लोकसभेत मांडणार आहेत काय, आणि मांडणार असतील तर कोणत्या अधिवेशनात?